राखेखालचा निखारा

वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री डिचोली तालुक्यातील शिरगावी श्रीलईराई देवीच्या जत्रेत होमखंड पेटते. व्रतस्थ धोंड त्या निखाऱ्यांवरून चालत जातात. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली म्हणजे तेथे केवळ राखेचा ढीग दिसतो. जाणती माणसे मात्र पोराबाळांना त्या ढिगाच्या जवळ जाऊ देत नाहीत. राख थंड दिसली तरी आत निखारा असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका निखाऱ्याचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, धूर नाही, आणि पाणी ओतून तो विझतही नाही. रुग्णालये, कारखाने आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांतून किरणोत्सर्गी द्रव्ये वापरली जातात. ती वापरणारे केंद्र बंद पडले म्हणजे त्या द्रव्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर केवळ तज्ज्ञांचा वाटतो. परंतु आजवर या प्रश्नाची हेळसांड जेथे जेथे झाली, तेथे तेथे त्याची किंमत भंगार गोळा करणाऱ्या गरिबांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी मोजली आहे. म्हणूनच कौटुंबिक मासिकाच्या पानांवर त्याची चर्चा होणे अगत्याचे आहे.

ही द्रव्ये कोठे असतात?

किरणोत्सर्ग म्हटला की आपल्यापुढे तारापूर किंवा कारवारजवळच्या कैगा येथील अणुवीज केंद्राचे चित्र उभे राहते. तेथे कुंपण असते, पहारा असतो आणि शेकडो जाणकार माणसे रात्रंदिवस लक्ष ठेवून असतात. पण त्याच जातीची द्रव्ये अल्प प्रमाणात कितीतरी साध्या ठिकाणी निमूटपणे काम करीत असतात. कर्करोगावरील जुन्या उपचारयंत्रांत कोबाल्ट असते. जहाजांचे किंवा मोठ्या नळांचे जोड आतून पक्के झाले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी इरिडियमची किरणे वापरतात. सिमेंट, कागद, पोलाद आणि खनिज यांच्या कारखान्यांत बंद टाकीतील मालाची पातळी किंवा नळातून वाहणाऱ्या गाळाची घनता बाहेरूनच मोजण्यासाठी सीझियमची मापके बसवितात. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे केंद्र उभारले. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्टच्या किरणांचा उपयोग केला जातो, आणि पुढे अमेरिकेस जाणारा हापूसही तेथूनच किरणे घेऊन गेला.

फार काय, पेडण्यातील दशावतारी नाटके ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्र रात्र चालत, त्या बत्तीच्या मेंटलमध्येही थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असे. ते इतके अल्प होते, की त्यापासून नाटक पाहणाऱ्यांना भय नव्हते. तात्पर्य, किरणोत्सर्ग या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. द्रव्य कोणते, किती आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे तीन प्रश्न विचारावयाचे असतात. त्यांतला तिसरा सर्वांत महत्त्वाचा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावातल्या दवाखान्यातील क्ष-किरण यंत्र आणि वर सांगितलेली द्रव्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्ष-किरण यंत्र विजेवर चालते. बटण बंद केले की त्याची किरणे थांबतात, जसा विजेचा दिवा विझतो. कोबाल्ट किंवा सीझियम यांना बटण नाही. शिशाच्या जाड कवचात त्यांना झाकून ठेवता येते, इतकेच. कवच फोडले की किरणे बाहेर येतात. कारखान्याला टाळे लागो, मालकाचे दिवाळे निघो किंवा कोर्टात दावा चालू राहो, त्या द्रव्याला त्याची दखल नसते.

मग ते कधी विझते? शास्त्रज्ञ त्याचे माप अर्धायुष्यात देतात. अर्धायुष्य म्हणजे द्रव्याची शक्ती निम्मी होण्यास लागणारा काळ. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस, कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे, सीझियम-१३७ चे ३० वर्षे आणि अमेरिसियम-२४१ चे तर ४३२ वर्षे आहे. २०१२ साली बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यात सीझियमचे मापक विसरून राहिले असेल, तर त्याची जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती आजही शाबूत आहे. तेवढ्या काळात कारखान्याचे छप्पर गळू लागलेले असते, फलकावरची अक्षरे पुसलेली असतात, आणि ती वस्तू काय आहे हे जाणणारा माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्या गावी गेलेला असतो. माणसांची आठवण द्रव्याच्या आधी विझते. संकटाचे मूळ येथे आहे.

गोइयानिया येथील एक गृहिणी

याचे सर्वांत दारुण उदाहरण ब्राझीलमधील गोइयानिया या शहरात घडले. आपल्या गोव्याप्रमाणे ब्राझीलही एकेकाळी पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथली भाषा आजही पोर्तुगीजच आहे. त्या शहरातील एका खासगी उपचारसंस्थेने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली आणि सीझियमचे एक उपचारयंत्र जुन्या इमारतीत तसेच ठेवून दिले. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याची वर्दी दिली गेली नाही. इमारतीची मोडतोड झाली, दारे-खिडक्या गेल्या. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघे तरुण आत शिरले. चार पैसे मिळतील या आशेने त्यांनी यंत्राचा जड भाग काढून नेला आणि फोडून भंगारवाल्याला विकला.

भंगारवाल्याला रात्री त्या वस्तूतून निळसर प्रकाश येताना दिसला. त्याला ती मौल्यवान, किंबहुना दैवी वस्तू वाटली. आत सुमारे ९३ ग्रॅम वजनाची पूड होती. त्याने नात्यागोत्यातल्या आणि शेजारच्या माणसांना ती दाखविली, चिमूट चिमूट वाटली. कोणी ती अंगाला फासली. एका सहा वर्षांच्या मुलीने त्या पुडीशी खेळता खेळता, न धुतलेल्या हातांनी जेवण केले.

काही दिवसांत घरातली माणसे एकामागून एक आजारी पडू लागली. वांत्या, जुलाब, अंगावर फोड. वैद्यांना कारण कळेना. ते कारण ओळखले भंगारवाल्याच्या पत्नीने. घरात ही चमकणारी वस्तू आली आणि तेव्हापासून माणसे आजारी पडली, एवढा साधा कार्यकारणभाव तिने ताडला. एका पिशवीत त्या वस्तूचे अवशेष भरून, एका नोकराला बरोबर घेऊन, ती सरकारी आरोग्य कचेरीत गेली. त्यासाठी तिने बसने प्रवास केला. ती वस्तू तिने टेबलावर ठेवली आणि सांगितले की हिच्यामुळे माझी माणसे मरत आहेत. दुसऱ्या दिवशी मापकयंत्र आले आणि सारा उलगडा झाला.

महिन्याभरात ती गृहिणी, ती सहा वर्षांची मुलगी आणि भंगाराच्या दुकानातले दोन तरुण कामगार असे चौघे मरण पावले. सुमारे १,१२,००० लोकांची शहरातील क्रीडांगणावर तपासणी करावी लागली. त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात सीझियम सापडले. घरे पाडावी लागली, मातीचे थर खरवडून काढावे लागले. एका खोलीला टाळे लावताना एक पत्र लिहिण्याची हयगय झाली, त्याची ही किंमत.

दिल्लीच्या मायापुरीत

इतक्या दूरची कथा आपल्याकडे कशाला, असे कोणास वाटेल. दिल्लीकर वाचकांना मायापुरीचा भंगार बाजार ठाऊक असेलच. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडातून गॅमासेल नावाचे एक संशोधनाचे यंत्र घेतले. त्यात कोबाल्ट-६० होते. १९८५ पासून ते यंत्र पडून राहिले. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसे काळाच्या ओघात निवृत्त झाली. जागा अडवून बसलेली एक अवजड वस्तू एवढीच त्याची ओळख उरली. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने अडगळीच्या लिलावात ते विकून टाकले.

मायापुरीत कामगारांनी शिसे काढण्यासाठी यंत्र कापले. आतले कोबाल्टचे लहान तुकडे इकडे तिकडे झाले. एक तुकडा तर एका दुकानदाराच्या पाकिटात जाऊन बसला. एप्रिलमध्ये एका रुग्णालयाने आजाऱ्यांची लक्षणे पाहून संशय कळविला, तेव्हा तज्ज्ञांची पथके धावली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील आणि नरोरा अणुवीज केंद्रातील माणसांनी अरुंद गल्ल्यांतून तुकडा तुकडा शोधून काढला. सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतला एक कामगार एप्रिलच्या अखेरीस मरण पावला.

येथे थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १९६८ ते २०१० ही ४२ वर्षे म्हणजे कोबाल्टची आठ अर्धायुष्ये. यंत्र आले तेव्हाच्या शक्तीचा सुमारे अडीचशेवा भाग तेवढा शिल्लक होता. तेवढ्याने एका माणसाचा जीव घेतला.

महाराष्ट्रातही त्याआधी दोन वर्षे याची चुणूक दिसली होती. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. ती बटणे जोडणाऱ्या कारखान्यातील वीसच्या आसपास कामगारांना किरणांचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. बटणांचे पोलाद भारतातून गेले होते, आणि माग काढता काढता तपास खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगारात कोठून तरी आलेले कोबाल्ट भट्टीत वितळून पोलादात मिसळले होते. एकदा वितळले की त्या वस्तूचा आकार जातो, खूण जाते, आणि निखारा शेकडो वस्तूंत वाटला जातो.

निरवानिरवीची रीत

आपल्याकडे शहाणी म्हातारी माणसे जाण्यापूर्वी निरवानिरव करतात. कोणाचे देणे आहे, दागिने कोठे ठेवले आहेत, शेताचे कागद कोणत्या पेटीत आहेत, हे सांगून मोकळी होतात. किरणोत्सर्गी द्रव्य वापरणाऱ्या लहान केंद्राचीही अशीच निरवानिरव व्हावी लागते. केवळ टाळे लावणे म्हणजे निरवानिरव नव्हे.

आपल्या देशात हा कारभार अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते. त्याची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली आणि त्याची कचेरी मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. असे द्रव्य घेण्यापूर्वी मंडळाचा परवाना लागतो, आणि काम संपल्यावर ते परत कसे करणार याची हमी घेतानाच द्यावी लागते. ही तरतूद फार शहाणपणाची आहे. कारखाना भरभराटीत असताना परत पाठविण्याचा खर्च जड वाटत नाही. दिवाळे निघाल्यावर तो कोणालाच पेलत नाही.

केंद्र बंद करावयाचे ठरले की पहिले काम मंडळाला कळवून संमती घेण्याचे. प्रत्येक केंद्रात किरणसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो. मालकाने कोणालाही कामावरून कमी केले तरी हा माणूस अखेरच्या दिवसापर्यंत राहिला पाहिजे. तो परवान्याची यादी हाती घेऊन प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष पाहतो. कागदावर पाच मापके असतील आणि जागेवर चार सापडली, तर पाचवे सापडेपर्यंत पुढचे पाऊल टाकावयाचे नाही.

दुसरे काम द्रव्याला त्याच्या घरी पोचविण्याचे. रुग्णालयातील काही औषधी द्रव्ये अल्पायुषी असतात. थायरॉइडच्या रोगावर देतात ते आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते. ते कुलपात ८० दिवस ठेवले की हजारावा हिस्सा उरतो, आणि मग मोजणी करून त्याची वासलात लावता येते. कोबाल्ट आणि सीझियम यांना ही युक्ती लागू नाही. ती ज्याने पुरविली त्याच्याकडे परत पाठवावी लागतात, किंवा देशातील अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे सोपवावी लागतात. प्रवासासाठी मान्यताप्राप्त पेटी, मंडळाची अनुमती आणि गाडीवर खूण, या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. काही यंत्रांत कवचासाठी शिशाऐवजी निःसत्त्व केलेले युरेनियम वापरलेले असते. तेही परत गेले पाहिजे. भंगारात देता कामा नये.

तिसरे काम जागेच्या तपासणीचे. भिंती, जमीन, मोऱ्या आणि टेबले मापकयंत्राने तपासतात. जेथे द्रव्य सांडण्याचा संभव होता तेथील पृष्ठभाग कागदाच्या बोळ्याने पुसून तो बोळा मोजतात. सारे स्वच्छ ठरल्यावर मगच दारावरची तीन पाकळ्यांची खूण काढून टाकावयाची. रिकाम्या पेटीवर ही खूण तशीच राहू दिली, तर लोक उगाच भितात, आणि काही वेळा असे भिऊन झाले म्हणजे खऱ्या खुणेचीही पर्वा करेनासे होतात.

शेवटचे काम कागदाचे. काय होते, कोठे गेले, कोणी स्वीकारले आणि कोणत्या दिवशी, याची पोच जपून ठेवावयाची. पन्नास वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर देणारा हा कागदच असणार.

क्ष-किरण यंत्राची निरवानिरव त्यामानाने सोपी आहे. त्यात मागे राहणारे द्रव्य नसते. पण ते यंत्र तसेच भंगारात गेले, तर कोणी अर्धवट जाणकार ते पुन्हा जोडून विनापरवाना चालवील, हे भय असते. म्हणून मंडळाला कळवून, आतली नळी निकामी करून मगच ते काढून टाकावे असा दंडक आहे. पेडणे किंवा डिचोलीसारख्या गावी एखाद्या डॉक्टरांनी चाळीस वर्षे दवाखाना चालविला, मुले पुण्याला वा परदेशी गेली आणि घर विकावयाचे ठरले, असे प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी येतात. अशा वेळी पडवीतल्या यंत्राची विचारपूस आधी करावी, घराची किंमत मागाहून.

डिचोली आणि पेडणे

आता आपल्या अंगणाकडे वळू. डिचोली हा खाणींचा तालुका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी एकाएकी थांबल्या. पुढे काही काळ त्या चालू झाल्या, आणि न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात खोदकामास परत सुरुवात झाली. या मधल्या वर्षांत दारोदारी ट्रक गंजताना आपण पाहिले. जे उद्योग असे एका आदेशासरशी थांबतात, तेथे निरवानिरवीला सवड मिळत नाही. अभियंता जातो, मुकादम जातो, राखणदार तेवढा राहतो. ज्या ज्या प्रकल्पात किरणोत्सर्गी मापक बसविलेले असेल, तेथे हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. कारण लोखंडाला गिऱ्हाईक मिळते आणि लोखंडाबरोबर मापकही जाऊ शकते.

पेडण्याची स्थिती याच्या उलट आहे. तेथे मिटण्यापेक्षा उभे राहण्याचा काळ चालू आहे. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला, तुयेला उद्योग आले, नवी रुग्णालये येतील. त्यांत किरणांची साधनेही येणारच, आणि ती यावीत. त्यांनी रोग कळतात, जोड पक्के होतात. मात्र साधन आणतानाच ते जाणार कसे आणि खर्च कोणी करावयाचा, हे ठरवून घेण्याची हीच वेळ आहे.

आणि दोन्ही तालुक्यांच्या रस्त्यांवर भंगार अड्डे आहेत. तेथे काम करणारी माणसे बहुधा परप्रांतांतून आलेली असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. तीन पाकळ्यांची ती खूण १९४६ साली कॅलिफोर्नियात प्रथम काढली गेली. ज्याला अर्थ माहीत नाही त्याला ती पंख्यासारखी किंवा फुलासारखी दिसते. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर दुसरी एक खूण तयार झाली. लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस, अशी ती निरक्षरालाही कळावी अशी आहे. ती यंत्राच्या आत, कोणी फोडू लागला तरच दिसेल अशा जागी लावावयाची असते. आपल्या ग्रामपंचायतींनी या दोन्ही खुणांची चित्रे प्रत्येक भंगार अड्ड्यावर लावली, तर त्याला फार खर्च येणार नाही.

कधी अशी खूण असलेली, आकाराच्या मानाने फार जड अशी धातूची डबी वा नळकांडे दिसले, तर ते उचलू नये, फोडू नये, घरी आणू नये. मुलांना दूर न्यावे, स्वतःही दूर जावे. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हा निसर्गाचा नियम आपल्या बाजूचा आहे. दुरूनच पाळत ठेवून ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. गोइयानियाच्या त्या गृहिणीने ती वस्तू हाताने उचलून नेली, कारण तिला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. आपल्याला तो ठाऊक आहे.

तिचे नाव या लेखात घेतले नाही, पण तिची आठवण ठेवावी असे वाटते. शास्त्राचा गंध नसताना तिने घरातल्या आजाराचे कारण ओळखले आणि ज्यांचे काम होते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. तिच्या घरी ती वस्तू येण्याआधी दोन वर्षे, जाणत्या माणसांच्या हाती सारे काही होते. एक यादी, एक पत्र, एक पेटी आणि एक पोच, एवढेच करावयाचे होते.

शिरगावच्या होमखंडातील राख दोन दिवसांनी खरोखरच थंड होते. आपण येथे पाहिला तो निखारा आपल्या नातवंडांच्या काळातही धगधगता राहणारा आहे. तो कोठे ठेवला आहे, हे त्यांना सांगून जाणे हे आपले काम.